अण्णांची गुळवेल, दादाची कोयती

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई त्रेचाळीस वर्षांच्या, कणकवलीत शाळेत शिक्षिका. माहेर देवगड तालुक्यातल्या एका वाडीत. वडील, म्हणजे अण्णा, ६९ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मधुमेहाला बारा वर्षं झाली. २०२०च्या लॉकडाऊनपासून ते रोज सकाळी गडग्यावरच्या, म्हणजे दगडी कुंपणावरच्या, गुळवेलीचा हातभर तुकडा उकळून ग्लासभर काढा पितात आणि वाडीतल्या लोकांनाही तुकडे वाटतात. गेल्या चैत्रात मोबाइलवरची जाहिरात बघून त्यांनी ‘साखर मुळापासून घालवणारी’ एक पावडर मागवली. मध्यंतरी उपाशीपोटीची साखर ११८ आली, तेव्हा कुणालाही न सांगता त्यांनी मधुमेहाच्या दोन गोळ्यांची एक केली. गणपतीला भाऊ मुंबईहून आला. गुळवेलीने लिव्हर जातं असं त्याने वाचलं होतं. भांडण झालं आणि त्या भरात त्याने कोयती घेऊन वेल बुडातून तोडली. तीन आठवडे झाले, बापलेकांत बोलणं नाही. आई म्हणते, तेवढंच एक त्यांचं आहे, राहू दे. ताई विचारतात: आयुर्वेद खरा मानायचा की डॉक्टर? अण्णांना गुळवेल सोडायला कसं लावू? आणि अगदी शेवटी कंसात: ‘माहेरी असले की अर्धा कप मीही घेते. मला थायरॉईडची गोळी आहे, बाकी काही नाही.’

ताई,

तुमच्या पत्रात पानभर अण्णा आहेत, अर्धं पान दादा आहे आणि तुम्ही स्वतः मात्र कंसात. मी नेमकी त्या कंसापाशी अडखळले. म्हणून सुरुवात तिथूनच करते, अण्णांना जरा थांबू दे.

थायरॉईड कमी पडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणं. तुमचं तसं आहे की नाही हे मला पत्रावरून कळणार नाही. अँटी-टीपीओ नावाची रक्ताची तपासणी असते, तिच्यावरून अंदाज येतो. आता गुळवेल घराघरांत पोचली ती कशासाठी? प्रतिकारशक्ती वाढवायला. जी शक्ती आधीच घरच्यांवर हात उगारते आहे तिला आणखी जोर द्यायचा का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो अर्धा कप नको. शिवाय थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि पुढे अर्धा-पाऊण तास पोटात काही जायचं नसतं. तुम्ही शनिवारी सकाळी एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात काढ्याचा कप घेऊन उभ्या आहात, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. चुकीचं असेल तर बरंच.

मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीत बसले. ‘बाकी काही नाही’ हे वाक्य त्या खिडकीच्या गजांतून मी किती वेळा ऐकलं असेल! ‘आजी, आणखी कसलं औषध चालू हा?’ ‘नाय.’ ‘झाडपाल्याचा काय?’ ‘तां काय औषद नाय ओ, तां आमच्या परड्यातलां.’ परड्यातलं ते औषध नाही आणि पाकिटातलं तेवढंच औषध, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की शिकलेली माणसंही तिच्यातून सुटत नाहीत. तुमचा अर्धा कप कंसात गेला तो त्यामुळेच. आणि अण्णांनी डॉक्टरांना गुळवेलीबद्दल काही सांगितलं नसणार, हे मी पैजेवर सांगते.

म्हणून ‘आयुर्वेद खरा की डॉक्टर’ हा तुमचा प्रश्न मला जरा बाजूला ठेवावासा वाटतो. तो प्रश्न घरात शिरला की दोन बाजू पडतात, आणि मग काढ्यात वेल किती, गोळी कुठली, किती दिवस, हे कुणीच विचारत नाही. तुमच्याकडे नेमकं तेच झालं.

गुळवेल हे खरंखुरं औषध आहे. चरकाने बुद्धीला हितकर अशी जी चार रसायनं सांगितली त्यांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध आणि शंखपुष्पीच्या पंगतीला गुडूचीचा, म्हणजे गुळवेलीचा, रस आहे. जुनाट ताप, प्रमेह (मधुमेहासारखे लघवीचे विकार), वातरक्त (गाऊटसारखी सांधेदुखी), कावीळ असा तिचा जुना कारभार. नुसतं पोथीतलंच सांगत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवर शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन अभ्यास केला. १९९३ साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष आशादायक होते. ॲलर्जीच्या सर्दीवर ७५ रुग्णांची एक चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली, तिच्यातही शिंका आणि नाक गळणं कमी झालेलं दिसलं. चाचण्या लहान आहेत. मधुमेहाची गोळी सोडून गुळवेलीवर राहा, असं सांगण्याइतका आधार त्यांत कुठेच नाही. पण अण्णा अगदीच पालापाचोळा पीत होते असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही.

दादाचंही खरं आहे. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेत असताना त्यांच्या यकृताला इजा झाली होती. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र आली. प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटलेली असावी अशा खुणा त्यांतल्या बऱ्याच जणांत दिसल्या. तुमच्या कंसापाशी मी थांबले ती याचसाठी. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. वेल नीट ओळखली गेली होती का, तिची दुसरी एखादी जात पोटात गेली नसेल कशावरून, असं त्यांचं म्हणणं. तो वाद तज्ज्ञांचा आहे. आपल्यापुरतं एवढं पुरे, की लाखो लोकांनी काढा प्यायला, त्यांतल्या थोड्यांना त्रास झाला, आणि ते थोडे कोण असतील हे आधी कपाळावर लिहिलेलं नसतं.

पण कोयती? गुळवेलीला संस्कृतात एक नाव आहे, छिन्नरुहा. छाटली तरी रुजणारी. पावसाळ्यात बुडातून तोडली की वर लोंबणाऱ्या टोकाला दोऱ्यासारखी बारीक मुळं फुटतात आणि ती हवेतूनच सरळ खाली जमिनीकडे निघतात. या रविवारी गडग्याकडे जाऊन बघा. एखादा दोरा चिऱ्यापर्यंत पोचलासुद्धा असेल. अण्णांनी तो दादाच्या आधी पाहिला असेल, आणि गप्प राहण्याचं निम्मं बळ त्यांना तिथूनच येत असेल, असं मला आपलं उगाच वाटतं.

आता मापाबद्दल. अण्णांचा काढा मला जास्त खटकतो तो इथे. ग्रंथांत काढ्याला गुळवेल २० ते ३० ग्रॅम सांगितली आहे. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथकाराचं माप म्हणजे एक भाग वनस्पती, सोळा भाग पाणी, मंद आचेवर आटवून आठवा हिस्सा. म्हणजे २५ ग्रॅम गुळवेल, ४०० मिली पाणी आणि शेवटी उरतो ५० मिली, आपल्या नेहमीच्या चहाचा अर्धा कप. तोच शार्ङ्गधर म्हणतो की ओली वनस्पती घ्यायची तर सुकीच्या दुप्पट घ्यावी, पण काही वनस्पती कायम ओल्याच वापराव्यात आणि दुप्पट करू नयेत. त्या यादीत पहिलं नाव गुडूचीचं. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी बजावून ठेवलंय की बाबांनो, हिला दुप्पट करू नका. बोटाएवढ्या जाडीचा हातभर ओला तुकडा माझ्या अंदाजाने ७०-८० ग्रॅमच्या खाली येत नाही. अंदाज राहू दे. तुम्ही तसाच एक तुकडा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. तेही अण्णांच्या समोर, त्यांच्याच हाताने.

आणि किती दिवस? करोनाच्या काळात, ऑक्टोबर २०२०मध्ये, आयुष मंत्रालयाने जी कार्यपद्धती जाहीर केली तिच्यात प्रतिबंधासाठी गुडूची घनवटी (गुळवेलीच्या आटवलेल्या अर्काची गोळी) ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सांगितली होती, १५ दिवस किंवा एक महिना. हा शेवटचा तुकडा लोकांनी ऐकलाच नाही. ज्या काळात अण्णांनी काढा सुरू केला त्या काळातल्या सरकारी सल्ल्यातच थांबायची मुदत होती. ही गोष्ट त्यांना दादाच्या लेखापेक्षा लवकर पटेल. तिकिटावर उतरायचं ठिकाण असतं हे त्यांना कुणी शिकवायला नको.

खरी काळजी मला वेगळ्याच दोन गोष्टींची वाटते आणि तुमच्या घरच्या भांडणात त्या दोन्ही मागे पडल्या. दादाने वेल तोडली, पावडरीचा डबा फडताळात तसाच राहिला ना?

तो डबा काढा. साखर मुळापासून घालवतो असा दावा करून औषधाची जाहिरात करणं १९५४च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने मना आहे. ज्या आजारांवर अशी जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत मधुमेह आहे. डब्यावर काय छापलंय ते चष्मा लावून वाचा. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादनाचा परवाना क्रमांक, घटकांची नावं आणि प्रमाण, बॅच, तारीख हवीच. नुसता एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, चौदा आकडी क्रमांक असेल तर तो कायद्याने खाण्याचा पदार्थ झाला, आजार बरा करण्याची भाषा त्याला बोलता येत नाही. आणि यातलं काहीच नसेल, मागे फक्त मोबाइल नंबर असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. साखर उतरवणाऱ्या ‘हर्बल’ पुड्यांमध्ये साखरेचीच ॲलोपॅथीची गोळी कुटून घातलेली जगात अनेक देशांत पकडली गेली आहे. अण्णांच्या डब्यात तसं आहे असं मी म्हणत नाही. पण ‘पावडरीने फरक पडला’ असं ते म्हणतात तेव्हा फरक कशाने पडला हे ना त्यांना ठाऊक, ना तुम्हाला. पावडर बंद, आजपासून. हे एक मी ‘विचार करा’ म्हणून सांगत नाही.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. उपाशीपोटीची ११८ ही त्या एका सकाळची साखर. आदल्या रात्री पेज पिऊन झोपले असतील तरी तेवढी येईल. तीन महिन्यांचा हिशेब एचबीएवनसी सांगते. ती शेवटची कधी केली हे तुमच्या पत्रात नाही. गोळी कमी करण्याचा निर्णय तिच्यावरून होतो, आणि तो डॉक्टरांनी करायचा. उलट्या बाजूचाही धोका आहे. मधुमेहाच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती कमी. पण बऱ्याच गोळ्यांत तिच्यासोबत ग्लिमेपिराइड असतं, त्याने साखर फार खाली जाऊ शकते. तशी गोळी, वर साखर उतरवणारा काढा, वर ती पावडर, आणि एखाद्या एकादशीला पोटात फक्त साबुदाण्याची दोन चमचे खिचडी. आमच्या दवाखान्यात एकदा स्टँडवरून एका म्हाताऱ्या गृहस्थांना रिक्षात घालून आणलं होतं, घामाने सदरा अंगाला चिकटलेला, जीभ जड, बायकोला ओळखेनात. लोकांना वाटलं झटका. साखर ४१ होती. गोळी नेहमीची, वर कारल्याचा रस आठ दिवसांपासून. ग्लुकोज दिल्यावर उठून बसले आणि पहिलं वाक्य काय, तर ‘रस सोडू नको सांगा होय डॉक्टरांक’. म्हणून डॉक्टरांना विचारेपर्यंत गोळ्या पुन्हा दोन कराव्यात असंही मी इथून सांगणार नाही. पावडर थांबवल्यावर चार-आठ दिवसांत डॉक्टर गाठायचे, आणि तोवर घरी ग्लुकोमीटरवर रोज सकाळी साखर बघायची. ७०च्या खाली आली किंवा घाम, थरथर, गरगर वाटली तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात, आणि मग दवाखाना. अडीचशेच्या वर राहू लागली तर चार दिवस थांबू नका.

अण्णांना हे सांगायचं कसं, असं तुम्ही विचाराल. माझं मत, सांगूच नका. त्यांना काम द्या.

लॉकडाऊनमध्ये सगळं गाव घरात होतं तेव्हा अण्णांच्या गडग्यापाशी माणसं येत होती. ‘अण्णानू, वायच वेल देवा हो.’ निवृत्तीनंतर कंडक्टरकडे कोण हात पुढे करून उभं राहतं? आई म्हणते ‘तेवढंच एक त्यांचं आहे’, ते मला काढ्याबद्दल वाटत नाही, त्या पुढे आलेल्या हातांबद्दल वाटतं. तुम्ही आणि दादा काढा बंद करायला निघालात, त्यांना ऐकू येतं की आता इथेही तुमचं तिकीट संपलं.

एक वही घ्या आणि अण्णांना वेबिल भरायला बसवा. आयुष्यभर ज्याने टप्प्याटप्प्याला तिकिटांचे आकडे मांडले आणि डेपोत पैचा हिशेब दिला, त्याला हे शिकवावं लागणार नाही. तारीख, सकाळची साखर, कुठली गोळी किती वाजता, काढा घेतला असेल तर किती ग्रॅमचा, भूक कशी, लघवीचा रंग कसा. शेवटचे दोन रकाने यकृतासाठी आहेत. भूक मरणं, मळमळ, अंगाला खाज, लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, यातलं काहीही दिसलं की काढा त्याच दिवशी बंद आणि रक्त तपासायला. काविळीवर गुळवेल चांगली, म्हणून तेव्हाच जास्त प्यायची, ही चूक माणसं करतात.

डॉक्टरांकडे जाताना एक पिशवी भरा. गोळ्यांची पाकिटं, पावडरीचा डबा, वेलीचा तुकडा कागदात गुंडाळून, वही. अण्णांना म्हणा, तुम्हीच दाखवा. ‘एचबीएवनसी, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या करूया का?’ हे तुम्ही विचारा. तपासण्या व्यवस्थित येईपर्यंत महिनाभर काढ्याला सुट्टी. छिन्नरुहेने ती सोय आयतीच करून ठेवली आहे, वेल वाढायला तेवढे दिवस लागतीलच. डॉक्टर वेलीचं नाव ऐकून हसले किंवा खेकसले तर अण्णा पिशवी उचलून चालू लागतील, म्हणून आधी एकट्याने फोन करून कल्पना द्या. मी खिडकीच्या आतून हे पाहिलं आहे, रुग्ण लपवतात त्यात निम्मा वाटा आमच्या खेकसण्याचा असतो.

मग गुळवेल पुन्हा सुरू करायची की नाही? अण्णांना ती हवी असेल आणि यकृताच्या तपासण्या ठीक असतील तर पदवीधर, नोंदणी असलेल्या वैद्यांना विचारून, मापात, मुदतीने. सावंतवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, एक दिवस त्यासाठी काढायला हरकत नाही. चांगला वैद्य प्रकृती, पचन, चालू गोळ्या विचारेल आणि कदाचित म्हणेल, तुम्हाला गुळवेलीची गरजच नाही. ते अण्णा त्याच्या तोंडून ऐकतील. तुमच्या तोंडून ऐकणार नाहीत, लेकीचं कोण ऐकतं.

वाडीतल्या वाटपाचं मात्र अण्णांशी स्पष्ट बोला. ते स्वतः काय पितात हा त्यांचा प्रश्न, पण शेजारची सून दिवसांत असेल, कुणाला संधिवाताचं किंवा सोरायसिसचं औषध चालू असेल, कुणाची शस्त्रक्रिया ठरली असेल. या लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आणि वेल ओळखायची जबाबदारीही देणाऱ्याची. खऱ्या गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं आणि गुळगुळीत, साल कागदासारखी पातळ सुटते, खाली हिरवं. आडवी कापली की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते, म्हणून तिला चक्रलक्षणिका असंही म्हणतात. पानामागे मऊ लव लागली तर ती तिची बहीण. खोडावर दाट, मोठाल्या गाठी असतील तर तीही वेगळी. कडुनिंबावर चढलेली उत्तम असं म्हणतात, आपल्याकडे ती आंब्याकाजूवरच सापडायची, त्याने बिघडत नाही. काजऱ्यावर, म्हणजे कुचल्याच्या विषारी झाडावर, चढलेली मात्र कुणाला देऊ नये असं आमची आजी सांगायची, आणि काजऱ्याच्या बाबतीत मी आजीचंच ऐकते.

दादाला फोन करा. त्याला म्हणा, तुझी काळजी बरोबर होती, डबा राहिला. एचबीएवनसीच्या दिवशी त्याला गावी यायला जमत नसेल तर रिपोर्ट अण्णांनीच त्याला फोनवर वाचून दाखवू देत, आकड्याने आकडा. तीन आठवड्यांनी पहिलं बोलणं आकड्यांचं असलं तरी चालेल.

आणि तुमच्या स्वतःच्या तपासण्या याच महिन्यात: थायरॉईडसाठी टीएसएच आणि अँटी-टीपीओ, यकृतासाठी एसजीपीटी. अण्णांच्या वहीत तुमच्यासाठी एक पान सोडायला सांगा.